तात्पुरतं नावाचं फोल्डर

ए, मोबाइल ठेव बाजूला आणि ऐक ना! यंदा तुळशीच्या लग्नाच्या दिवशी काय झालंय, तुला कल्पना नाही. अगदी गोष्टीतल्यासारखं झालंय, म्हणून गोष्टीसारखंच ऐक. मधे बोलायचं नाही.

तर एका गावात एक चादरींचा कारखाना होता. गाव कसलं, सोलापूरच की! पण गोष्टीत गाव म्हणायचं असतं. कारखान्याचं नाव रंगरेखा. मालक यादगिरी शेठ. चाळीस माग, दिवसभर खडाखड, आत गेलं की शेजारच्याशी पण ओरडून बोलायला लागायचं.

त्या कारखान्यात अंबादास मास्तर होते. चादरीवरचं डिझाइन काढायचं काम त्यांचं. बारीक चौकटींचा मोठ्ठा कागद घ्यायचा आणि एकेक चौकट रंगवायची. एक चौकट म्हणजे एक धागा. एक चौकट चुकली की मोराची मान वाकडी. मास्तरांनी चाळीस वर्षं असे कागद रंगवले. आठशे बारा डिझाइनं! मग काचबिंदू झाला आणि डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. तरी ते रोज यायचे. चार नंबरच्या मागाशेजारी त्यांचं स्टूल होतं. तिथं बसून नुसता आवाज ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "सात नंबरच्या मागाचा धागा तुटला बघ." जाऊन बघावं तर खरंच तुटलेला असायचा.

आणि त्या कारखान्यात भाग्यलक्ष्मी होती. सगळे तिला भाग्या म्हणायचे. पंचविशीची पोरगी, हुशार, तोंडाळ. कॉम्प्युटरचं सगळं तिच्याकडे. तिला या नोकरीला लावलं ते मास्तरांनीच. मास्तर तिला अम्मा म्हणायचे. म्हणजे त्यांच्या घरी तेलुगू ना, तिथं लाडानं लेकीला अम्माच म्हणतात.

आता मागचं थोडं सांगायला लागेल. सहा वर्षांपूर्वी मास्तरांच्या कागदांना वाळवी लागली. सगळे घाबरले. तेव्हा कॉम्प्युटरवर सिद्धराम होता, सिद्धू. तो म्हणाला, "शेठ, सगळं स्कॅन करून क्लाउडवर ठेवू. मग वाळवीचा बाप आला तरी काही होत नाही." शेठना क्लाउड म्हणजे काय ते कळेना. सिद्धू म्हणाला, "ढग म्हणा." तेव्हापासून अख्खा कारखाना त्याला ढग म्हणतो. डिझाइन कुठंय? ढगात. पगारपत्रक कुठंय? ढगात. चहावाला पण म्हणायचा, माझी उधारी ढगात टाका, पाऊस पडला की देतो!

सिद्धूनं महिनाभर बसून सगळे कागद स्कॅन केले. मास्तर शेजारी बसून एकेकाचं नाव सांगायचे. तेव्हा त्यांना थोडं दिसायचं. आणि कागद? शेठ म्हणाले, "आता ढगात आहे ना सगळं, मग ही वाळवी कशाला पोसायची?" त्या वर्षी ते कागद होळीत घातले. मास्तर म्हणाले होते, एक गठ्ठा तरी राहू दे. पण सगळे हसले. म्हणाले, मास्तर, तुम्ही अजून जुन्या काळात आहात.

पुढं सिद्धूला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं भाग्याला म्हटलं, "दोन तास बस माझ्याजवळ. कुठं काय ठेवलंय सगळं सांगतो." भाग्याला राग आला. तीन वर्षं त्याच्या हाताखाली काढलेली तिनं, आणि हा अजून शिकवणार? ती म्हणाली, "तू गेलास म्हणून काही अडायचं नाही. बघून घेईन मी." सिद्धू खांदे उडवून गेला. शेठनी विचारलं, "जमेल ना गं?" भाग्या म्हणाली, "शेठ, मला सगळं माहितेय."

हे वाक्य लक्षात ठेव हां. मला सगळं माहितेय.

बरं. आता खंडेनवमी. तुला माहितीच आहे, त्या दिवशी कारखान्यात माग बंद असतात. प्रत्येकजण आपापला माग पुसतो, तेल घालतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. वर्षातला हा एकच दिवस की कारखान्यात माणसाचा आवाज ऐकू येतो. आणि मजा काय असते, पुसता पुसता सगळं सापडतं. कुठला नट ढिला आहे, कुठला पट्टा विरलाय. ज्याचा माग तोच पुसतो, म्हणून त्याला कळतं.

शेठचा मुलगा प्रणीत भाग्याच्या टेबलाशी आला. हल्ली कारभार तोच बघतो. म्हणाला, "भाग्या, सगळे साफसफाई करताहेत, तू नुसती बसलीयस होय? ढगाचं बिल दर महिन्याला फुगतंय. काय पाणी भरलंय काय त्यात? कर रिकामं आज."

भाग्यानं ढग उघडला. सहा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी वरपासून खालपर्यंत बघत होतं. आणि काय पसारा, बापरे! एक फोल्डर नवीन. एक नवीन फायनल. एक फायनलचं फायनल. एक प्रणीतदादा लग्न फोटो. एक नुसतं कखग. तिनं धडाधड पुसायला घेतलं. मज्जा येत होती तिला. आणि अगदी तळाशी एक होतं, सगळ्यात मोठं. त्याचं नाव: तात्पुरतं.

तिनं उघडलं. आत हजारो फायली. नावं नाहीत, नुसते आकडे. एक उघडायला गेली तर उघडेना. अशा फायली नुसत्या क्लिकनं उघडत नाहीत, ज्या प्रोग्रॅममध्ये केल्या त्याच्यातूनच उघडतात, आणि तो कुठला हे तिला माहीत नव्हतं. सहा वर्षांत कोणी हात लावलेला नाही.

आता बघ हां. भाग्या काही मूर्ख नव्हती. तिच्या मनात आलंच, हे काय असेल? तिनं डिझाइन नावाचं फोल्डर उघडून बघितलं. तिथं आठशे बारा छोटी छोटी चित्रं ओळीत दिसली. मोर, कमळ, हत्ती, सगळे जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला. डिझाइनं तर इथं आहेत!

तरी तिनं फोन उचलला. सिद्धूचा नंबर काढला. अंगठा वर धरला. आणि मग तिला त्याचा चेहरा दिसला. "काय भाग्या, अडलं ना शेवटी?" असं म्हणणारा. तिनं फोन उलटा करून ठेवला.

तेवढ्यात मास्तर चाचपडत आले. हातात झेंडूचं फूल. म्हणाले, "अम्मा, सगळ्या मागांना फुलं झाली. ढगाला फूल कुठं वाहायचं?"

सगळे हसले. भाग्या पण हसली. "मास्तर, ढगाला फूल लागत नाही, माउस लागतो."

"मग माउसला वाहा," मास्तर म्हणाले आणि फूल तिच्या हातात दिलं. "आपण ज्याच्यावर जगतो त्याच्याकडं वर्षातून एकदा तरी नीट बघावं, म्हणून असतंय हे."

भाग्यानं फूल माउसवर ठेवलं. मास्तर तिथंच खुर्चीवर टेकले, तिच्यापासून दोन हातांवर. म्हणाले, "आणि आमच्या प्राजक्ताचं लक्षात आहे ना?"

आता हे प्राजक्ताचं ऐक, गोष्टीचा जीव त्यातच आहे. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा काढलेलं डिझाइन म्हणजे प्राजक्त. नवीन लग्न झालेलं होतं. बायको सत्यम्मा शेजारी बसून म्हणाली होती, फुलं झाडावर नकोत, पडताना दाखवा. म्हणून त्या चादरीवर फुलं पडतच असायची, वरपासून खालपर्यंत. सत्यम्मा गेली. ती चादर वापरून वापरून विरली. उरलेल्या तुकड्यांची नातीला, अखिलाला, दुपटी झाली. आता अखिलाचं लग्न ठरलं होतं आणि मास्तरांना एकच पाहिजे होतं. तिच्या रुखवतात प्राजक्ताची एक चादर. आजीची म्हणून. भाग्यानं कबूल केलं होतं, दिवाळीची गडबड संपली की तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मागावर चढवू.

"लक्षात आहे मास्तर," भाग्या म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिनं तात्पुरतं पुसायला क्लिक केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की पुसायचं? माउसवरचं फूल घरंगळून खाली पडलं. तिनं परत क्लिक केलं. नक्की.

प्रणीत मागून बघत होता. म्हणाला, "आणि चुकून काही गेलंच तरी तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतंय. टेन्शन काय घ्यायचं त्यात?"

पुढच्या महिन्याचं बिल निम्मं आलं. शेठनी भाग्याला पेढा दिला.

दिवाळी झाली. मागांच्या कंट्रोलच्या डब्यांत जी सात चालू डिझाइनं भरलेली होती तीच चालू राहिली, त्यामुळं कोणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. आणि आली तुळशीच्या लग्नाची सकाळ.

मास्तर नवा सदरा घालून आले. खिशातून सुताच्या दोन लडी काढल्या, एक पांढरी, एक केशरी. बाजारात स्वतः जाऊन, दुकानदाराला तीनतीनदा विचारून आणलेल्या. "बघ गं, देठाला हाच केशरी ना? मला दिसत नाही म्हणून त्यानं लाल तर दिला नाही?"

"केशरीच आहे मास्तर. एकदम फुलासारखा."

मास्तर खूश. चार नंबरच्या मागाशेजारी जाऊन बसले. भाग्यानं डिझाइनचं फोल्डर उघडलं. प्राजक्ताचं छोटं चित्र समोरच होतं. तिनं क्लिक केलं.

फाइल सापडत नाही.

तिनं परत केलं. सापडत नाही. तिनं मोरावर क्लिक केलं. सापडत नाही. कमळ. हत्ती. सापडत नाही, सापडत नाही. आठशे बारा चित्रं जागच्या जागी होती आणि एकाच्याही मागं काही नव्हतं. त्या नुसत्या पाट्या होत्या यार! गावाकडं बोट दाखवणारी पाटी उभी आणि गावच नाही.

तिनं ढगवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई एकदम गोड बोलणारी. "मॅडम, तुम्ही पुसलेल्याला आज तेहतीस दिवस झाले. तीस दिवसांनंतर आमच्याकडंसुद्धा काही उरत नाही. आम्ही तुम्हाला चार वेळा मेल पाठवली होती."

"कोणाला पाठवली? मला एकपण नाही आली!"

"खातं श्री. सिद्धराम बिराजदार यांच्या नावावर आहे मॅडम. त्यांच्या रंगरेखाच्या मेलवर."

ती मेल सिद्धू गेल्यापासून कोणी उघडलीच नव्हती. खात्यावरचं नाव बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता मात्र भाग्यानं सिद्धूला फोन केला. जो अंगठा महिन्यापूर्वी थांबला होता त्याच अंगठ्यानं. सगळं ऐकून सिद्धू चिडला नाही. हसला पण नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाला, "तात्पुरतं मधेच होतं गं सगळं. डिझाइनमध्ये नुसती यादी होती."

"दुसरी कुठं प्रत?"

"दोनदा विचारलं शेठना. म्हणाले, एकदा ढगात गेलंय, अजून कशाला." मग म्हणाला, "मला फोन करायचास ना. एक मिनिटाचं काम होतं."

प्रणीतला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. दोन मिनिटं येरझाऱ्या घातल्या. मग म्हणाला, "हे बघ, बाहेर कोणाला बोलू नको. पप्पांना मी सांगतो. मास्तरांना सांग ढगवाल्या कंपनीचा घोळ झाला. त्यांना काय कळणारे?"

भाग्या मास्तरांकडं गेली. मास्तर मांडीवर दोन्ही लडी घेऊन बसलेले, केशरी वर, पांढरी खाली. तिच्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "चढवलं का?"

"मास्तर, ते... ढगवाल्यांचा काहीतरी घोळ झाला. त्यांच्याकडून गेलं सगळं. प्राजक्त पण गेला, बाकीची पण."

बाकी माग खडाखड चालूच होते. मग त्यांनी हात पुढं करून तिचा हात शोधला. म्हणाले, "तू का रडायलीस? तुझी काय चूक त्यात अम्मा? चल, डोळे पुस."

हे तिला सहन झालं नाही बघ. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. ती खाली फरशीवरच बसली आणि म्हणाली, "मास्तर, कंपनीनं नाही घालवलं. मी पुसलं. खंडेनवमीला, तुम्ही शेजारी बसला होता तेव्हा. तात्पुरतं नावाचं फोल्डर होतं. मला वाटलं कचरा आहे."

मास्तरांचा हात तसाच राहिला.

"तात्पुरतं," ते म्हणाले. "हां. सिद्धूनं ते नाव टाकलं तेव्हा मी तिथंच होतो. म्हटलं, बाबा, हे काय नाव? माझं सगळं आयुष्य आहे त्यात आणि तू तात्पुरतं लिहितोस? तो म्हणाला, मास्तर, आजच्यापुरतं लिहिलंय, उद्या नीट नाव देतो." ते थोडं हसल्यासारखं करून म्हणाले, "मला म्हणाला पण होता, लक्षात ठेवा हां, सगळं तात्पुरतं मध्ये आहे. मी ठेवलं लक्षात."

भाग्याला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. दोन हातांवर! फूल देऊन, दोन हातांवर बसलेला माणूस! ज्याला दिसत नव्हतं, ज्याला माउस कुठल्या बाजूनं धरायचा माहीत नव्हतं, त्यालाच तेवढं माहीत होतं. नुसतं म्हटलं असतं, मास्तर, हे तात्पुरतं म्हणजे काय हो? बस. एवढंच.

"मग बोलला का नाहीत मास्तर कधी?"

"कोणी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. तुला सगळं माहितेय म्हणाली होतीस ना शेठना."

त्यांनी लडी खिशात घातल्या. उठले. दाराकडं जाताना मधेच थांबून म्हणाले, "सात नंबरचा धागा तुटलाय." आणि गेले.

अखिलाच्या रुखवतात चादर दिली कारखान्यानं. चालू सात डिझाइनांतली, मोराची. प्रणीतनं स्वतः नेऊन दिली, वर सॉरी पण म्हणाला. मास्तरांनी हात फिरवून बघितलं, चांगली आहे म्हणाले, आणि घडी करून ठेवली. त्या दिवसापासून ते कारखान्यात आलेले नाहीत. स्टूल अजून चार नंबरपाशीच आहे, त्यावर कोणी बसत नाही. धागे तुटतात आणि हातभर चादर खराब झाल्यावर कळतं.

आणि परवा, म्हणजे हे सगळं होऊन पुरता महिना पण झाला नव्हता, प्रणीत नव्या डिझायनरकडून वीस डिझाइनं घेऊन आला. पेन ड्राइव्ह भाग्यापुढं टाकला. "हे चढव ढगात."

भाग्या म्हणाली, "दादा, कुठं ठेवायचं, कोणाच्या नावानं, दुसरी प्रत कुठं, हे आधी ठरवून लिहून ठेवू या. अर्धा तास लागेल."

प्रणीत घड्याळ बघत होता. "अगं, बाहेर गिऱ्हाईक थांबलंय. आत्ता नको ना ते. सध्या कुठंतरी टाक, नीट नंतर करू."

नंतर! भाग्यानं नवीन फोल्डर उघडलं. नावाची चौकट रिकामी होती. एकच चौकट. कर्सर लुकलुकत होता. प्रणीत टेबलावर बोटं वाजवत उभा होता. तिनं स्टुलाकडं बघितलं. तिथं विचारायला कोणी नव्हतं.

तात्पर्य: वस्तू घरात असो नाहीतर ढगात, ती कोणाची, कुठं आणि कशी सांभाळायची हे रोज कोणीतरी विचारावं लागतं; जो "मला सगळं माहितेय" म्हणून विचारायचा थांबतो, तो शेजारी बसलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य पुसतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. आता तू खरं सांग, खंडेनवमीच्या दिवशी तो फोन हातात असताना, तिच्या जागी तू काय केलं असतंस?